धवल्याची वाटणी

जनूला वाटणीत चार फ्लॉप्या आल्या आणि काळुरामलाही चारच आल्या, याचं जनूला दोन वर्षं मोठं समाधान होतं. फ्लॉपी कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. धाकट्या भावाला आपल्यापेक्षा एक जास्त गेली नाही, एवढं त्याला पुरे होतं. भावाभावांत बिनसलं की माणूस असल्याच गोष्टींत समाधान शोधायला लागतो.

त्या फ्लॉप्यांत त्यांच्या आईचा आवाज होता. ठमाबाईचा. जिते स्टेशनाहून खाडीच्या अंगाला दोन मैल आत त्यांचं गाव, पण धवलारीण म्हणून तिला पार नागोठण्यापर्यंत बोलावणं यायचं. आगऱ्यांच्या घरी लग्न म्हटलं की आधी धवलारीण ठरवायची आणि मग बाकीचं. तिनं धवला गाऊन देवांना मांडवात बोलवायचं, हळद लागायची ती तिच्या गाण्यावर, नवरी पाटावर बसायची तीही तिच्याच गाण्यावर. ठमाबाईनं सूर लावला की मांडवातली पोरंटोरंसुद्धा गप्प बसत. तो आवाज चौऱ्याण्णव साली एका सकाळी गेला. तिच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि वाचा बसली. पुढची दोन वर्षं ती नुसती सगळ्यांकडे बघायची.

मागे राहिली होती एक कॅसेट. पूर्वी कधीतरी एका दुपारी जनूनं तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवून एक बाजू भरून घेतली होती. खाडीच्या हवेनं कॅसेटला बुरशी धरली, तेव्हा काळुराम ती पेणला घेऊन गेला आणि चार दिवसांनी आठ काळ्या चौकोनी फ्लॉप्या घेऊन आला. आईचा धवला आता कॉम्प्युटरातून ह्यांच्यात उतरवलाय, म्हणाला, आता बुरशी नाय लागनार. घरात कॉम्प्युटर कुणी बघितलेला नव्हता. जनूच्या बायकोनं, सगुणानं, त्या देव्हाऱ्याखाली नीट रचून ठेवल्या.

ठमाबाई गेली आणि महिन्याच्या आत वाटणी निघाली. काळुराम धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला, राहायला रोह्याला. त्याला तिथं घर बांधायचं होतं, म्हणून मिठागरातला आपला हिस्सा विकायचा होता. त्यात वावगं काही नव्हतं. पण त्यानं ते आधी गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि जनूला ते जित्याच्या फलाटावर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ज्या मिठागरात आईबापाच्या टाचा फुटल्या त्याची बोली लागते आणि मोठ्या भावाला पत्ता नाही! जनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘इकायचं तं मंग समदंच वाटू,’ तो म्हणाला, आणि म्हणाला ते त्यानं हट्टानं शेवटपर्यंत नेलं.

गावात मासळीचे वाटे घालतात तशी ती वाटणी झाली. एकानं पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून ‘ह्यो कोनाचा?’ म्हणून विचारायचं, आणि पाठमोऱ्यानं नाव सांगायचं. म्हणजे कुणाला लबाडीला जागा नाही. पंचांतले पोपटतात्या पाठमोरे उभे राहिले. भांडी झाली, कोयते झाले. पाटा जनूला गेला आणि वरवंटा काळुरामला. तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं, पण जनूनं असं काही बघितलं की त्या माणसाला खोकला आला. सगुणा पुढे कितीतरी दिवस ओढ्यातल्या गोट्यानं मसाला वाटत होती. सगळ्यात शेवटी देव्हाऱ्याखालच्या फ्लॉप्या मधे आणून ठेवल्या.

‘तात्या, ह्या आठ हायत न, त्या...’ काळुराम बोलायला लागला.

‘ह्याला बोलू देऊ नका,’ जनू म्हणाला. ‘वाटे घाला.’

काळुरामनं तोंड मिटलं. प्रत्येक फ्लॉपीवर आकडा लिहिलेला होता. एक, तीन, चार आणि सात जनूकडे आल्या. दोन, पाच, सहा आणि आठ काळुरामकडे गेल्या. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये जनूच्या शेवंतीचं लग्न ठरलं. शेवंती एकुलती एक, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. वाचा जायच्या आधी ठमाबाईनं तिला शब्द दिला होता, तुजा धवला मीच गानार. पोर तशी हट्टी नव्हती, दागिन्यांसाठी नाही की साडीसाठी नाही. पण लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा ती बापासमोर येऊन उभी राहिली.

‘बाबा, आजीचा धवला लागल्याबिगर मी पाटावर नाय बसनार.’

‘यवढंच ना?’ जनू म्हणाला. ‘चार फ्लॉप्या हायत आपल्याकडं. अर्धा धवला तं अर्धा. मांडवातल्या भोंग्याव लावू. बाकीचा अर्धा येशीवरची धवलारीण गाईल.’

‘आनि काळूभावजी?’ सगुणानं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

‘त्याचं काय हाय हितं?’

त्या रात्रीच्या कालवणात मीठ नव्हतं आणि जनूनंही ते मुकाट्यानं खाल्लं.

पेणला प्रविणचं दुकान होतं, काळुरामनं कॅसेटच्या फ्लॉप्या करून घेतल्या होत्या तेच. तिथं कॉम्प्युटरचे क्लास चालत, लग्नपत्रिका निघत आणि गणपतीच्या कारखान्यांची लेटरहेडंही छापून मिळत. शेवंतीच्या पत्रिकाही त्याच्याचकडे टाकल्या होत्या. त्या आणायला जनू गेला तेव्हा चारही फ्लॉप्या पिशवीत घेऊन गेला. पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर तयार होता. ‘निमंत्रक’ म्हणून तीन चुलतमामांची नावं होती, दोन आतेभावांची होती. सख्ख्या काकाचं नव्हतं.

प्रविणनं फ्लॉप्या हातात घेतल्या आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘काका, ह्यांना हळदकुंकू कोणी लावलं?’

‘दसऱ्याला पूजतो आमी. आईचा आवाज हाय त्यात.’

प्रविण हसला नाही. त्यानं रुमालानं एक नंबरची फ्लॉपी पुसली आणि मशिनीत सरकवली. पडद्यावर एक ओळ उमटली.

‘आठवी द्या.’

‘आठवी नाय. चारच हायत.’

‘तो शेवटची आधी मागतो. आत काय कुठं ठेवलंय त्याची यादी शेवटच्या फ्लॉपीत असते.’

‘नसंल तं राह्यलं. पैली वाजव. हाय तवढं ऐकू.’

प्रविणनं खुर्ची जनूकडे वळवली. शिकवायची सवय असलेला माणूस, त्याला अवघड गोष्ट सोपी करायची खोड होती. ‘काका, कॅसेट मधोमध कापली तर अर्धं गाणं वाजेल. हे तसं नाही. तुमच्या आईचं गाणं मशिनीत घातलं तेव्हा ते वीस एमबी झालं. मी ते दाबून अकरावर आणलं. तरी एका फ्लॉपीत मावेना, कारण एका फ्लॉपीत दीडसुद्धा मावत नाही. म्हणून आठ तुकडे केले. समजा, सायकल खोलून आठ पोत्यांत भरली. त्यातली चार पोती तुमच्याकडे आहेत. त्यांच्यावर बसून तुम्हाला रामवाडीपर्यंत तरी जाता येईल का?’

जनूला सायकल समजली. ‘पन तुज्या मशिनीत असंल ना? तूच तं भरलंस.’

आता प्रविणनं मान खाली घातली. ‘पुसलं, काका. तेव्हा माझी डिस्क चारशे वीस एमबीची. आकडाच तसला, तिच्यावर भरवसा तो काय ठेवायचा! त्यात फॉन्ट, पत्रिका, वर आणखी मतदारयाद्यांचं काम आलेलं. रोज काहीतरी पुसल्याशिवाय दुसरं काही ठेवता येत नव्हतं. फ्लॉप्या तयार केल्या, एकदा लावून बघितल्या, आणि मशिनीतलं पुसून टाकलं. कॅसेट तर भरून होता होताच तुटली होती. आता दोन जीबीची डिस्क आहे. आता आला असतात तर तुमच्या आईला तिथंच राहू दिलं असतं.’ तो थांबला आणि हळूच म्हणाला, ‘मी काळुरामशेठना बजावलं होतं, आठही एकत्र ठेवा. एक गेली की सात फुकट.’

‘त्याला ठावं व्हतं?’

‘म्हणजे काय! चार वेळा सांगितलं होतं.’

जनू पत्रिकांचा गठ्ठा तिथंच विसरून बाहेर पडला. आधी त्याला काळुरामचा संताप आला. माहीत असून गप्प बसला, आईचा आवाज फुकट घालवला! पण एस.टी. स्टँडपर्यंत चालत जाता जाता तो संताप काही टिकेना. ‘ह्याला बोलू देऊ नका’ हे कोण म्हणालं होतं, ते त्याला पोपटतात्यांच्या पाठीसकट आठवत होतं. घरी शेवंती ओसरीवर वाटच बघत होती. ‘लागला का?’ तिनं विचारलं. जनू म्हणाला, ‘उद्या लागंल.’ उद्या कसा लागणार हे त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जित्याला येऊन त्यानं रोह्याचं तिकीट काढलं. हमरापूर गेलं, पेण गेलं, कासू आलं. दर स्टेशनावर त्याला वाटत होतं की उतरावं आणि उलट्या गाडीनं परत फिरावं. काय म्हणायचं भावाला? फ्लॉप्या दे, आणि लग्नाला मात्र येऊ नको? असं तोंड वर करून बोलायला त्याच्यासारख्या बोलभांड माणसालाही जड जात होतं.

रोह्याला काळुरामचं घर शोधावं लागलं. जनू तिथं कधी गेलाच नव्हता. विटांचं दोन खोल्यांचं घर, दोरीवर कंपनीचा निळा ड्रेस वाळत टाकलेला. दारात काळुरामची बायको गोदूबाई तांदूळ निवडत होती. थोरल्या दिराला बघून ती चटकन उठली, पदर डोक्यावर घेतला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. काळुराम घरीच होता. दोन वर्षांत त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. जनूला ते बघवेना.

‘बस,’ काळुराम म्हणाला.

जनू बसला. पाणी प्यायला. इकडचं तिकडचं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, आजही जमलं नाही. ‘अर्धा धवला वाजत नाय,’ तो म्हणाला.

‘ठावं हाय.’

‘तवा का नाय बोललास?’

‘बोलत व्हतो. तू बोलू दिलं नायस. मंग मना पन राग आला. म्हटलं, घाल वाटे. आईचे पन घाल.’ काळुराम उठला, फळीवरचा स्टीलचा डबा काढला आणि तांदळात हात खुपसून एकेक करून चार फ्लॉप्या बाहेर काढल्या. दमट लागू नये म्हणून त्या तांदळात पुरून ठेवल्या होत्या. ‘मागच्या गणपतीत लय आठवन झाली तिची. कंपनीत एक कॉम्प्युटरवाला हाय, त्याच्याकडं घेऊन गेलो. मना वाटलं, माज्याकडं शेवटची हाय, काय तरी वाजंल. त्यानं लावली. मशिनीनं घेतली. आनि मंग पैली मागितली.’

इकडे त्याच्या देव्हाऱ्याखाली पहिली फ्लॉपी हळदकुंकू लावून बसली होती, आणि तिकडे हा दुसऱ्याच्या मशिनीपुढे आठवी घेऊन बसला होता. ज्याला आपण दोन वर्षं जिंकणं समजलो, ते हे होतं. जनूला स्वतःची लाज वाटली.

‘शेवंतीचं लगीन हाय,’ तो कसाबसा म्हणाला. ‘तिला आजीचा धवला पायजे. त्याबिगर पाटाव बसत नाय म्हनते.’

‘समजलंय मना लगीन हाय ते. लोक सांगतात.’ काळुरामनं फ्लॉप्या पुढे केल्या नाहीत. फडक्यात बांधल्या आणि पायात चपला सरकवल्या. ‘चल. तुज्या हाती देनार नाय मी. माजं मी घेऊन येतो.’

रोहा ते पेण गाडीत दोघं समोरासमोर बसले होते आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होते. नागोठण्याला एक बाई करवंदं विकायला आली. काळुरामनं एक पुडा घेतला आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवला. पेण येईपर्यंत तो पुडा संपला, पण कुणी कुणाला ‘घे’ म्हणालं नाही.

प्रविणनं दोघांना एकदम दारात बघितलं आणि समोरच्या पोरींना लवकर सोडून दिलं. टेबलावर कालचा पत्रिकांचा गठ्ठा तसाच होता. काळुरामनं वरची एक उचलली, नावांवरून बोट फिरवत खालपर्यंत वाचली आणि होती तशी परत ठेवली. जनूनं ते बघितलं. त्या क्षणी कुणी त्याला थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

‘आठ,’ प्रविण म्हणाला. काळुरामनं आठवी दिली.

‘एक.’ जनूनं पहिली दिली.

‘दोन.’ काळुराम. ‘तीन.’ जनू. मशीन घरघरत होती आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. चौथीला ती थांबली. आतून कर्र कर्र आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. प्रविणनं बटण दाबलं, पुन्हा तेच. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

‘काय झालं?’ जनू पडद्यापुढे वाकला.

प्रविणनं फ्लॉपी बाहेर काढली आणि तिची पत्र्याची झडप बोटानं सरकवली. आतल्या चकतीवर कुंकवाचा लालसर डाग होता. जनूला वाटलं, संपलं. आपण पूजा करून करून आईला बुजवून टाकलं. त्यानं काळुरामकडे बघितलं. तो रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण काळुराम म्हणाला, ‘घाबरू नको, दादा.’ दोन वर्षांत तो दादा म्हणाला नव्हता.

प्रविणनं कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि श्वास रोखून चकती पुसली. फिरवली, पुसली, फुंकर मारली, सुकू दिली. मग आत घातली. कर्र कर्र झालं, एकदा, दोनदा, आणि निळी पट्टी हलली.

‘पाच,’ प्रविण म्हणाला तेव्हा त्याचाही आवाज सुटल्यासारखा झाला होता.

सगळं झाल्यावर त्यानं छोटे स्पीकर दोघांकडे वळवले. आधी नुसती खरखर. मग लांब कुठेतरी कोंबडी ओरडली, भांडं पडलं, आणि ठमाबाई खाकरली. ‘चालू झाला कं?’ तिनं विचारलं. ‘झाला, गा तू,’ तरुण जनू म्हणाला.

आणि ती गायला लागली. आवाज बारीक झाला होता, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता, पण तो तिचाच होता. काळुरामनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. जनूला वाटलं होतं आपण रडू, पण तो कान टवकारून प्रत्येक शब्द धरत बसला, एखादा पुन्हा सुटेल म्हणून. गावदेवीला बोलावून झालं, खाडीच्या देवाला बोलावून झालं, वाडवडिलांना झालं. मग ठमाबाई घरच्या माणसांकडे वळली. ही तिची स्वतःची रीत होती, दुसऱ्या कुणा धवलारणीची नाही. ती एकेकाचं नाव घेई आणि त्यानं ओ दिल्याशिवाय पुढे जात नसे.

‘माजा जनू मांडवी येऊ दे गो...’

‘आलो गो आये!’ कॅसेटमधला जनू म्हणाला.

‘माजा काळुराम मांडवी येऊ दे गो...’

स्पीकरमधून नुसती खरखर आली. दुकानात काळुरामचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिकडे ठमाबाईनं गाणं थांबवलं आणि साध्या आवाजात विचारलं, ‘काळू कंय हाय? त्याची ओ कोन देनार?’

‘तो कामाव गेलाय. त्याची पन मीच देतो,’ तरुण जनू म्हणाला, आणि घसा फाडून ओरडला, ‘आलो गो आये! दोगंव आलो!’

ठमाबाई हसली आणि धवला पुढे सुरू झाला.

जनूला हे अजिबात आठवत नव्हतं. आपण असं कधी बोललो होतो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं. त्याला भावाकडे बघायचं धाडस होईना. गाणं संपेपर्यंत तो स्पीकरकडेच बघत राहिला.

‘मी तवा शिफ्टला व्हतो,’ शेवटी काळुराम म्हणाला. ‘मना कोनी सांगितलंच नाय.’

जनूनं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं.

‘बुधवारी कोनची शिफ्ट हाय तुजी?’

‘सेकंड.’

‘बदलून घे,’ जनू म्हणाला. ‘हळद हाय पोरीची. मी नाय देनार आता तुजी ओ.’